मलिक अंबरला गोरं करा म्हणे!

प्लास्टिकच्या माणसाला आधी आंघोळ घालावी लागते. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. कारखान्यात साच्यातून माल अलगद सुटावा म्हणून साच्याला तेलकट फवारा मारलेला असतो. तो प्रत्येक तुकड्याला लागलेला असतो. धुतला नाही तर वरचा रंग पुढं पापुद्र्यासारखा सुटून येतो. म्हणून कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि दातांचा जुना ब्रश. हात, पाय, धड, पगडी, दोन फाकांतलं डोकं, सगळं एका टबात. आमच्या हिनं पहिल्यांदा तो टब बघितला तेव्हा तिला वाटलं, निवृत्तीचा परिणाम झाला. नवरा बाथरूममध्ये बसून मुंडकी घासतोय म्हटल्यावर बिचारीला दुसरं काय वाटणार?

मी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत खेळण्यांच्या कारखान्यात नोकरी केली. साच्यातून निघालेला माल साफ करायचा, जोडायचा, रंगवायचा, त्या खात्याचा मी सुपरवायझर. कारखाना बंद पडला, मी घरी बसलो. घरी बसणं काही जमेना. मग पुंडलिकनगरातल्या आमच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत हे काम सुरू केलं. ऐतिहासिक व्यक्तींची प्लास्टिकची किट मिळतात हल्ली. सरदार, राजे, राण्या, साधूसंत. लोक हौसेनं मागवतात, डबा उघडतात, आतले तुकडे बघून त्यांना घाम फुटतो आणि डबा माझ्याकडं येतो. मी जोडून, घासून, रंगवून देतो.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, कामातल्या गमतीजमती लिहा. आहेत की गमती. पण खरं बोलायचं तर या कामानं मला हसवलं कमी आणि चिडवलं जास्त. त्यामुळं चिडूनच लिहितोय. सणासुदीला असलं वाचायचं नसेल त्यांनी पान उलटावं, माझी हरकत नाही.

माझ्या चिडण्याचं पहिलं कारण म्हणजे "पाच मिनिटांचं तर काम आहे, काका." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते म्हणायच्या आधीच गिऱ्हाइकाच्या ओठांवर मला दिसतं. अहो, पाच मिनिटांत तुमचा चहा होत नाही. किटातले सगळे तुकडे एका चौकटीला बारक्या देठांनी लटकलेले असतात. तो देठ पक्कडीनं कापायचा, पण एकदम मुळाशी नाही, नाहीतर प्लास्टिक पांढरं पडतं. आधी लांबून कापायचा, मग जवळून. उरलेला खुंट कानशीनं घासायचा, मग पाण्यातल्या पॉलिश पेपरनं. मग सगळे तुकडे कोरडेच एकमेकांत बसवून बघायचे. त्यानंतर डिंक. हा डिंक चिकटवत नाही बरं का, तो प्लास्टिक वितळवतो. दोन कडा वितळून एकजीव होतात. थोडा जास्त पडला की सरदाराच्या मांडीला तुमच्या अंगठ्याचा ठसा कायमचा. डोक्याच्या दोन फाका जोडल्या की मधली रेघ बरोबर कानावरून जाते. ती लांबी म्हणजे पुट्टी भरून, घासून मोडायची, पण कान नाही मोडायचा. त्यावर प्रायमर, मग रंग, रंगावर रंग, आणि डोळे सगळ्यांत शेवटी, कारण डोळे चुकले की आधीचं सगळं पाण्यात. आता म्हणा पाच मिनिटं.

दुसरं कारण गिऱ्हाइकांची हुशारी. आमच्याच भागातले एक निवृत्त इंजिनिअर एका सेनापतीचे दोन्ही हात उलटसुलट चिकटवून घेऊन आले. उजव्या खांद्याला डावा, डाव्याला उजवा. तलवार पाठीमागं गेलेली. तर म्हणे कंपनीचीच चूक आहे, तुम्ही तसं लिहून द्या. मी म्हटलं, साहेब, तुकड्यावर आतून अक्षर कोरलेलं असतं, ते बघायचं असतं. तर मलाच म्हणाले, तुम्ही कंपनीची बाजू घेताय. आणि पुढारी मंडळींपैकी एक आले होते. त्यांना एका राजाच्या किटावर त्यांच्या दादांचा चेहरा बसवून पाहिजे होता, वाढदिवसाची भेट म्हणून. धड राजाचं, डोकं दादांचं! मी नाही म्हटलं. त्यांना खरंच कळेना, मी नाही का म्हणतोय. "पैसे जास्त घ्या," म्हणाले. माझा आवाज इतका चढला की खालून ही वर आली.

पण हे सगळं चिल्लर. जी गोष्ट सांगायला बसलोय ती वेगळी आहे, आणि ती शेवंताबाईंशिवाय सांगता यायची नाही.

शेवंताबाई खुलताबाद तालुक्यातल्या. घरची मेंढरं होती, लग्नानंतर नवऱ्याबरोबर शहरात आल्या आणि आमच्या कारखान्यात रंगाच्या टेबलावर लागल्या. बाहुल्यांचे चेहरे रंगवायचे काम. तिथं एक मोठा डबा असायचा, त्यावर लिहिलेलं, 'अंगाचा रंग'. रंग कसला तर फिकट गुलाबी, वाफवलेल्या कोळंबीसारखा. शेवंताबाईंनी पहिल्याच दिवशी डब्यात ब्रश बुडवला, स्वतःच्या हाताशेजारी धरला आणि मॅनेजरला विचारलं, "साहेब, ह्यो कुणाच्या अंगाचा रंग हाय?" मॅनेजर म्हणाला, "कंपनीच्या अंगाचा." सगळं टेबल हसलं. शेवंताबाई पण हसल्या आणि कामाला लागल्या, पण तो प्रश्न काही त्यांनी सोडला नाही. नवा डबा उघडला की दरवेळी विचारायच्या. बाई तोंडाच्या तिखट आणि हाताच्या पक्क्या. आपल्याला काय येतं हे त्यांना पुरतं ठाऊक, आणि ते सांगायला त्या कधी लाजल्या नाहीत. मी घरी काम सुरू केलं तेव्हा पहिला फोन त्यांना केला. जोडणं, घासणं माझ्याकडं. चेहरा आणि हात शेवंताबाईंकडं. चेहऱ्याला मी ब्रश लावत नाही, माझी ती पायरी नाही.

तर एक दिवस एक हॉटेलवाले आले. जालना रोडला, विमानतळाच्या अलीकडं त्यांचं नवं हॉटेल होत होतं. नाव लिहीत नाही, भाऊसाहेब म्हणू. गाववाला माणूस, बापजाद्यांची जमीन, ती वाढत्या शहरात आली आणि नशीब उघडलं. बोलायला अत्यंत गोड. येताना खव्याची मिठाई घेऊन आले. त्यांच्या हातात हातभर उंच किटाचा डबा होता. मलिक अंबर.

म्हणाले, "काका, हॉटेलच्या लॉबीत ठेवायचाय. शहर ज्यानं वसवलं तोच दारात उभा पाहिजे. पर्यटक विचारतात ना." हा जमला तर वरच्या प्रत्येक मजल्यावर एकेक ऐतिहासिक व्यक्ती, सगळं काम आमच्याकडं. मला माणूस आवडला. या शहरात लोकांना दरवाजे दिसतात, मकबरा दिसतो, पण ज्यानं खडकी नावाच्या खेड्याच्या माळावर शहर उभं केलं, डोंगरातून जमिनीखालनं नहर काढून पाणी आणलं, त्याची आठवण कुणाला येत नाही. हबशांच्या मुलखातून गुलाम म्हणून विकत आणलेलं पोर. निजामशाहीचा वजीर झाला आणि दिल्लीच्या फौजांना त्यानं नाकी नऊ आणले. आणि त्याची आठवण एका हॉटेलवाल्याला झाली! मी त्या मिठाईतला एक पेढा जागेवरच खाल्ला.

शेवंताबाईंनी डब्यावरचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, "अरं, ह्यो तर आमच्याकडचाच." लहानपणी त्या खुलताबादच्या बाहेर मेंढरं चारायच्या तेव्हा उन्हाच्या वेळी एका मोठ्या जुन्या कबरीच्या सावलीत बसायच्या. गावातले लोक सांगायचे, ही मलिक अंबरची, मोठा माणूस होता, आपल्यासारखाच काळा होता. एवढीच काय ती ओळख. पण त्या असं बोलत होत्या की जणू सासरच्या गावात माहेरचं कुणी भेटलंय.

डबा उघडला आणि माझं डोकं तापायला सुरुवात झाली. डब्यावरच्या चित्रात अंबर चांगला काळा, राकट, नजरेत धार असलेला. आत रंगांचा कागद होता, त्यावर लिहिलेलं: चेहरा व हात, अंगाचा रंग, बाटली नंबर चार. आणि बाटली नंबर चार काय? तीच कोळंबी! सगळ्या किटांना एकच कागद छापलेला. काश्मीरचा असो, केरळचा असो, हबशी असो, यांच्या लेखी माणसाच्या अंगाला एकच रंग. शेवंताबाईंनी ती बाटली उजेडात धरली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "कंपनीच्या अंगाचा." या वेळी कुणी हसलं नाही. बाटली त्यांनी खिडकीतल्या रिकाम्या कुंडीत उभी केली. अजून तिथंच आहे.

बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो. काळ्या माणसाचा रंग काळ्या बाटलीत नसतो. नवशिका काय करतो, गुलाबीत काळा मिसळतो. त्यातून येते राख. माणूस आजारी दिसतो, मेलेला दिसतो. मग बघणारे म्हणतात, काळा रंग चेहऱ्याला शोभतच नाही. अरे, शोभत कसा नाही, तुला रंगवता येत नाही! काळ्या चेहऱ्याला खालून तांबूस तपकिरी द्यावा लागतो, त्यावर गेरू, खोलगट जागी किंचित निळा, आणि कपाळावर, गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर पिवळसर उजेड. पातळ पातळ थर, एकावर एक. मग चेहऱ्यात रक्त येतं.

शेवंताबाईंची रंग जमवायची रीत वेगळीच. पांढऱ्या टाइलवर रंग कालवून तो कागदाशी ताडून बघायचा, ही कारखान्याची पद्धत. अंबरच्या वेळी त्यांनी टाइल बाजूला सारली. रंगाचा थेंब स्वतःच्या मनगटावर ठेवायचा, बोटानं पसरवायचा. दिसला की पुसायचा, परत कालवायचा. थेंब कातडीत दिसेनासा झाला की रंग जमला. तीन संध्याकाळ नुसतं मनगट रंगवत होत्या आणि बोलत होत्या. त्यांच्या मुलीला पाहुणे बघून गेले होते त्या आठवड्यात. मुलगी एका दवाखान्यात रक्त तपासते, शिकलेली, चटपटीत. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, सगळं विचारलं आणि उठताना मुलाची आत्या म्हणाली, रंगाचं तेवढं सोडलं तर पोरगी चांगली आहे. शेवंताबाई म्हणाल्या, मग ते तेवढं सोडूनच या परत. पाहुणे गेले. मुलगी आत जाऊन आरशासमोर उभी राहिली. हे सांगताना बाईंचा ब्रश मात्र जराही हलला नाही. मला त्या पाहुण्यांचा असा संताप आला की मी घासत होतो ती पगडीची कड जास्त घासली गेली.

चेहरा झाला. काय सांगू तुम्हाला! मी हजारो बाहुल्या बघितल्यात, पण प्लास्टिक माझ्याकडं बघतंय असं मला कधी वाटलं नव्हतं. वय झालेला, थकलेला, पण कुणाच्या बापाला न भिणारा माणूस. हातांवरच्या शिरा पण त्यांनी काढल्या होत्या, बोटांच्या पेरांवर गडद, तळव्याकडं फिकट. पांढऱ्या जाम्यावर ते हात असे उठून दिसत होते की बस. चेहरा आणि हात तेलरंगातले, ते पुरते वाळू दिले आणि वरून गाडीवर मारतात तसला पारदर्शक लेप दोनदा दिला. ही आमची कारखान्यातली सवय. खेळणी पोरांच्या तोंडात जातात, रंग सुटता कामा नये. तो लेप एकदा कडक झाला की वर काहीही सांडा, फडक्यानं पुसा, खालचा रंग हलत नाही.

भाऊसाहेब बघायला आले. मी कापड बाजूला केलं. त्यांनी बघितलं, मान हलवली, चारी बाजूंनी फिरून आले. "काका, काम एक नंबर," म्हणाले. "फक्त एक छोटीशी दुरुस्ती."

मला वाटलं पगडीचं बोलतील.

"चेहरा जरा उजळ करा. एवढा काळा नको."

मी म्हटलं, भाऊसाहेब, तो हबशी होता. ते म्हणाले, माहीत आहे मला, मी वाचलंय सगळं, पण आपल्याकडं लॉबीत नवरानवरी येणार, साखरपुडे होणार, दारातच असं दिसायला नको. लोकांना प्रसन्न वाटलं पाहिजे. मी म्हटलं, मग कुणा गोऱ्या माणसाचं किट आणा. तर म्हणाले, नाही नाही, मलिक अंबरच पाहिजे, नाव मोठं आहे, पितळेची पाटी करायला टाकलीय. म्हणजे नाव पाहिजे, तोंड नको! त्याच्या नहरीचं पाणी पिऊन हे शहर पिढ्यान्‌पिढ्या जगलं आणि त्याचं तोंड मात्र आमच्या पाहुण्यांना प्रसन्न वाटत नाही. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

आणि गंमत बघा, हे बोलणारा माणूस स्वतः चांगला काळासावळा. रानातल्या उन्हानं रापलेला, बापासारखा, आजासारखा. त्यांचा वाढदिवसाचा फ्लेक्स आमच्या चौकात लागला होता, त्यावर मात्र भाऊसाहेब दुधात धुतल्यासारखे. फक्त मिशी ओळखीची. मी तेव्हा ते हसण्यावारी नेलं होतं.

शेवंताबाई इतका वेळ खिडकीजवळ उभ्या होत्या. त्या पुढं आल्या, बाही वर केली आणि मनगट अंबरच्या गालाशेजारी धरलं. एकच रंग. "साहेब," त्या म्हणाल्या, "ह्यात वाईट काय हाय, तेवढं मला सांगा."

भाऊसाहेब वरमले. माणूस वाईट नाही, हे मी मान्य करतो, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. ते म्हणाले, ताई, गैरसमज नको, तुमचं वेगळं, तुम्ही घरच्या. हॉटेलचं वेगळं असतं.

मी म्हटलं, रंग बदलणार नाही. न्यायचा तर असाच न्या.

त्यांनी परत एकदा अंबरकडं बघितलं. मग म्हणाले, ठीक आहे काका, तुमची मर्जी. पुढच्या मजल्यांचं बोलणं तिथंच संपलं, हे मला कळलं आणि शेवंताबाईंनाही कळलं. ड्रायव्हरला बोलावून त्यांनी अंबरला मागच्या सीटवर आडवा ठेवला. किट त्यांचं, डबा त्यांनी आणलेला, मी कोण अडवणारा? जिना उतरून गाडी जाईपर्यंत मी बघत राहिलो. याची रुखरुख मला अजून आहे. काहीतरी करून तो ठेवून घ्यायला पाहिजे होता, पण कसा, ते आजही सुचत नाही.

रागाच्या भरात मी शेवंताबाईंना विचारलंच नव्हतं, काम तर त्यांचंही गेलं होतं. नंतर ओशाळून म्हटलं, बाई, तुम्हाला न विचारता मी नाही म्हणून बसलो. त्या म्हणाल्या, "बरं झालं. तुमी व्हय म्हणला असता तर म्या उठून गेले असते." आणि ब्रश धुवायला घेतले.

आमच्या हिचं म्हणणं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, खेळणंच तर आहे. खेळणंच आहे ना, मग भाऊसाहेबांनी का एवढं मनाला लावून घेतलं? खेळण्याला काळं राहू द्यायचं की! हिच्याशी यावर माझं दोन दिवस बोलणं बंद होतं. म्हणजे मी बंद ठेवलं होतं, तिच्या ते लक्षात आलं नसावं.

हॉटेल सुरू झालं. आम्हाला आमंत्रण यायचा प्रश्नच नव्हता. पण एक दिवस शेवंताबाई म्हणाल्या, "भाऊ, बघून तर येऊ. आपलं माणूस हाय तिथं." शेअर रिक्षानं गेलो. दारात गणवेशातला माणूस, आत गार हवा, पायाखाली स्वतःचं तोंड दिसेल अशी फरशी. समोर ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर मलिक अंबर, खाली पितळेची पाटी, बाजूला लाल दोरी. काचेची पेटी नव्हती, उघडाच उभा.

गोरा! गुलाबी! तीच कोळंबी, त्यावर गालाला लाली आणि ओठांना लग्नातल्या नवरीसारखा रंग. स्टेजची सजावट करणाऱ्या कुणाकडून तरी करून घेतलं असणार, ब्रशाच्या रेघा मला दारातूनच दिसल्या. शेवंताबाईंनी काढलेले डोळे त्या गुलाबीत पार बुडाले होते. आणि हात? हात तसेच! चेहरा उजळ करा म्हटलं होतं, त्या गड्यानं चेहरा तेवढा उजळला आणि निघून गेला. हातांकडं कुणी बघितलंच नव्हतं. पांढऱ्या जाम्यातून काळेभोर, शिरा आलेले ते हात आणि वर परक्याच कुणाचंतरी गुलाबी तोंड. शेजारी उभं राहून एक जोडपं फोटो काढत होतं. दिवसभर लोक येत-जात असतील, एकालाही वाटलं नसेल का की या माणसाचे हात आणि तोंड एकमेकांचे नाहीत?

मला ओरडावंसं वाटत होतं. मी शेवंताबाईंकडं बघितलं. त्या पुढं गेल्या, दोरीवरून वाकल्या आणि अंबरच्या गालावर नख हलकंच फिरवलं. नखाखाली गुलाबी पापुद्रा आला. त्यांनी मला तो दाखवला आणि आम्ही दोघं एकदमच समजलो. गड्यानं घासलंच नव्हतं! जुन्या लेपावर नवा रंग धरायचा तर आधी पॉलिश पेपर मारून तो खरबरीत करावा लागतो, हे या कामातलं पहिलीच्या वर्गातलं ज्ञान. यानं नुसता पाण्याचा रंग वरून फासला होता. आमचा लेप खाली शाबूत, त्याच्याखाली चेहरा शाबूत.

काउंटरवर सॅनिटायझरची बाटली होती, कोरोनापासून सगळीकडं असते तशी. त्यात स्पिरिट असतं. पाण्याचा रंग स्पिरिटनं सुटतो, कडक झालेल्या लेपाला ते काही करत नाही. शेवंताबाई सरळ काउंटरवर गेल्या, बाटली दोनदा दाबून पदराचं टोक ओलं केलं, परत आल्या आणि दोरी ओलांडून आत शिरल्या. एका हातानं त्यांनी अंबरची पगडी धरली, लेकराचं डोकं धरतात तशी, आणि दुसऱ्या हातानं गाल पुसायला लागल्या. घाई नाही, जोर नाही. आधी गाल, मग नाक, मग कपाळ. पदर गुलाबी होत गेला आणि खालून तो वर यायला लागला. डोळे उघडे झाले तेव्हा मी पण दोरीजवळ सरकलो.

काउंटरवरची मुलगी धावत आली. "मावशी, काय करताय तुम्ही?"

शेवंताबाईंनी मान वर केली नाही. "तोंड धुतेय त्याचं," त्या म्हणाल्या. "लई लांबून आलाय."

मुलगी तिथंच उभी राहिली. तिनं त्या चेहऱ्याकडं बघितलं, शेवंताबाईंच्या हाताकडं बघितलं. तिच्या स्वतःच्या तोंडाला पावडरचा जाड थर होता, आणि गणवेशाच्या बाहीतून निघालेला हात आपल्या सगळ्यांच्या हातासारखा. मग ती काउंटरकडं गेली. मला वाटलं आता कुणाला तरी बोलावते. ती टिश्यू पेपरचा डबा आणि सॅनिटायझरची बाटली घेऊन आली आणि शेवंताबाईंच्या हाताशी ठेवली. कानामागं थोडं राहिलं होतं, ते शेवंताबाईंनी टिश्यूनं काढलं.

मग आम्ही तिथंच कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसून चहा घेतला. चहा भलताच महाग होता, पण समोर चांगली सोबत होती. बाहेर पडताना शेवंताबाईंनी एकदा मागं वळून बघितलं, पदराचं गुलाबी टोक कमरेला खोचलं आणि म्हणाल्या, हा डाग काही निघायचा नाय, राहू दे. त्या रविवारी त्या आपल्या लेकीला घेऊन परत तिथं गेल्या होत्या, असं मला नंतर कळलं. लेक अंबरच्या शेजारी उभी राहिली आणि तिनं फोटो काढून घेतला.

भाऊसाहेबांचा अजून तरी फोन आलेला नाही. कदाचित त्यांनी बघितलं नसेल, कदाचित बघून गप्प बसले असतील. हा अंक त्यांच्या हाती पडलाच तर एवढंच सांगणं आहे: भाऊसाहेब, चेहरा आहे तसा राहू द्या. परत रंगवलात तर आम्ही परत येऊ. येताना सॅनिटायझर आमचं आम्ही आणू, चहाचे तुम्ही घ्या काय घ्यायचे ते.